घोरणाऱ्याचा मेंदू

ढाराढूर झोपलेला माणूस घोरण्यावरून ओळखायचा, अशी आपली जुनी समजूत आहे. लग्नघरातल्या गाद्यांवर किंवा रातराणीच्या एसटीत एखादे काका घोरायला लागले की बाकीचे हसतात आणि मनातून थोडा हेवाही करतात. काय झोप लागलीये या माणसाला! हेवा करण्यासारखं तिथे फारसं काही नसतं. मोठ्याने घोरणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं शरीर त्या वेळी श्वासासाठी झगडत असतं आणि त्या झगड्याची मोठी किंमत मेंदू मोजत असतो.

संगीतकार बप्पी लाहिरी यांचं 15 फेब्रुवारी 2022 रोजी मुंबईत निधन झालं, तेव्हा डॉक्टरांनी ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया हे कारण सांगितलं. हे नाव अनेकांनी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं. झोपेत श्वास अडकण्याच्या या विकाराने असं थेट मरण येणं तसं विरळा. बहुतेकांच्या बाबतीत तो वर्षानुवर्षं मुकाट्याने पोखरत राहतो. बोलता बोलता नेमका शब्द आठवत नाही. गॅस बंद केला की नाही याची खात्री नसते. दुपारच्या मीटिंगमध्ये मान छातीवर येते, क्षुल्लक कारणावरून चिडचिड होते. घरचे म्हणतात, 'वय झालं आता.' आणि वय तर कधी कधी पन्नाशीचंही नसतं.

रात्री नेमकं होतं काय ते आधी पाहू. मऊ टाळूपासून स्वरयंत्रापर्यंतचा घशाचा भाग म्हणजे मांसाची एक नळी. तिला आतून हाडाचा आधार नाही. जागेपणी स्नायू ती ताणून उघडी ठेवतात. झोप लागली की हे स्नायू सैलावतात, जीभ मागे सरकते आणि वाट अरुंद होते. त्या अरुंद वाटेतून हवा जाताना टाळू आणि पडजीभ थरथरतात, ते घोरणं. वाट पूर्ण मिटली तर घोरण्याचा आवाज अचानक थांबतो. शेजारी झोपलेल्याला वाटतं, सुटलो एकदाचे. खरं तर धोक्याची वेळ हीच. छाती आणि पोट वरखाली होत असतात, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, कार्बन डायऑक्साइड चढतो. मेंदूच्या तळाशी असलेलं श्वसनकेंद्र हे ओळखतं आणि धोक्याची सूचना देतं. मेंदू काही सेकंदांपुरता जागा होतो, स्नायू ताणले जातात, मोठा आचका देऊन श्वास सुटतो. पुन्हा झोप, पुन्हा घोरणं, पुन्हा शांतता.

श्वास किमान दहा सेकंद थांबला की तज्ज्ञ त्याची एक वेळ मोजतात. श्वास पूर्ण थांबला नाही, पण बराच कमी झाला आणि ऑक्सिजन उतरला, तर तीही वेळ धरतात. तासाला पाचपेक्षा कमी वेळा म्हणजे चिंता नाही. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि 30 च्या पुढे तीव्र. तासाला तीस म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा, सात तासांच्या झोपेत दोनशेहून जास्त वेळा. एखाद्याला रात्रभर दर दोन मिनिटांनी खांदा हलवून उठवावं आणि सकाळी 'इतकं झोपूनही आळस कसा जात नाही?' म्हणून विचारावं, तशातली गत. यातली एकही जाग त्या माणसाला आठवत नाही, कारण ती आठवणीत नोंदली जाण्याइतकी लांब नसते. म्हणूनच 'मला तर उत्तम झोप लागते' असं सांगणारा रुग्ण खोटं बोलत नसतो.

वैद्यकशास्त्रालाही हा विकार उशिराच दिसला. साहित्याला तो आधी दिसला होता. चार्ल्स डिकन्सच्या 1836 साली सुरू झालेल्या 'पिकविक पेपर्स' या कादंबरीत जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो काम करता करता, उभ्या उभ्या झोपतो आणि घोरतो. पुढे 1956 साली सिडनी बरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लठ्ठ रुग्णाचं वर्णन केलं तेव्हा त्याच्या विकाराला पिकविकचंच नाव दिलं. हा गृहस्थ पत्ते खेळताना हातात उत्कृष्ट पानं असूनही झोपून गेला आणि डाव हुकला म्हणून इस्पितळात दाखल झाला! दिवसाच्या झोपेचं कारण मात्र डॉक्टरांनी रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये शोधलं. रात्री त्याच्या उशाशी बसून कुणी पाहिलं नाही. ते काम 1965 साली झालं, फ्रान्समध्ये गास्तो यांच्या चमूने आणि जर्मनीत युंग व कूलो यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे. गास्तो हे अपस्माराचे नावाजलेले अभ्यासक. म्हणजे घशातला हा अडथळा जगाला दाखवला तो मेंदूच्या विद्युतलहरी मोजणाऱ्यांनी. 1970 च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तियान गिलेमिनो यांनी या विकाराची नीट व्याख्या केली आणि तो लठ्ठ नसलेल्यांनाही होतो, हे ठासून सांगितलं.

आपल्याकडे हा विकार किती आहे याचा पहिला चांगला अंदाज मुंबईतूनच आला. हिंदुजा रुग्णालयातले छातीरोगतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 35 ते 65 वयाच्या 658 पुरुषांचा अभ्यास 2004 साली प्रसिद्ध केला. हे कुणी रुग्ण नव्हते, नेहमीच्या आरोग्य तपासणीला आलेले धडधाकट लोक होते. त्यावरून काढलेला अंदाज असा, की 19.5 टक्के पुरुषांना झोपेत श्वासाचा अडथळा होतो आणि 7.5 टक्क्यांना त्यासोबत दिवसा झोपही अनावर होते. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी 2023 मध्ये देशभरातले अभ्यास एकत्र करून कामकरी वयाच्या सुमारे 10.4 कोटी भारतीयांना हा विकार असावा, असा हिशोब मांडला.

लठ्ठपणा हे सगळ्यात मोठं कारण खरं, पण आशियाई माणसाचा जबडा आणि चेहऱ्याची ठेवण अशी असते की घशातली वाट मुळातच तोकडी पडते. त्यामुळे पाश्चात्त्यांपेक्षा कमी वजनावरही आपल्याकडे हा त्रास सुरू होतो. हनुवटी मागे असलेला सडपातळ माणूसही यात सापडतो. बायकांची गोष्ट आणखी वेगळी. रजोनिवृत्तीनंतर त्यांच्यात हे प्रमाण वाढतं, पण त्या डॉक्टरांकडे थकवा, डोकेदुखी, झोप न लागणं, उदास वाटणं अशा तक्रारी घेऊन जातात आणि औषधं त्याचीच घेऊन येतात. नवरा घोरतो ही तक्रार बायको चारचौघांत करते. बायको घोरते हे सांगायला नवरा जागा तरी असावा लागतो, आणि ते कबूल करायचा संकोच बाईला असतो तो वेगळाच.

आता मेंदूकडे वळू. वजनाने शरीराच्या जेमतेम दोन टक्के असलेला हा अवयव शरीराला मिळणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे वीस टक्के वापरतो. त्यामुळे श्वास अडकला की पहिली झळ त्याला. पण नुसत्या कमतरतेपेक्षा ऑक्सिजनचं सतत खालीवर होणं जास्त घातक ठरतं. हिमालयात उंचावरच्या गावांत माणसं कमी ऑक्सिजनवर पिढ्यान्‌पिढ्या राहतात. शरीर त्याच्याशी जुळवून घेतं. इथे जुळवून घ्यायला उसंतच मिळत नाही. ऑक्सिजन उतरतो, लगेच भसकन परत येतो, आणि तो परत येताना पेशींना इजा करणारे रेणू तयार होतात. डेव्हिड गोझाल यांच्या गटाने 2001 साली उंदरांवर हा खेळ करून पाहिला. पिंजऱ्यातल्या हवेतला ऑक्सिजन दर दीड मिनिटाला 21 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर आणि परत वर, असं झोपेच्या वेळात चालू ठेवलं. या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या आणि मेंदूच्या बाह्यपटलातल्या पेशी मेल्या आणि पाण्यात लपवलेला चौथरा शोधण्याची साधी परीक्षाही त्यांना नीट देता येईना. हिप्पोकॅम्पस म्हणजे नव्या आठवणी घडवणारा, वाटा आणि ठिकाणं लक्षात ठेवणारा मेंदूचा भाग. अल्झायमरमध्ये अगदी सुरुवातीला कोमेजतो तोही हाच.

माणसाच्या मेंदूतही खुणा सापडल्या आहेत. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रोनाल्ड हार्पर यांच्या गटाला 2008 साली असं आढळलं, की स्लीप अ‍ॅप्निया असलेल्यांच्या मेंदूतल्या स्तनाकार ग्रंथिका निरोगी माणसांपेक्षा जवळजवळ 20 टक्क्यांनी लहान होत्या. वाटाण्याहूनही छोट्या अशा या जोडीचा स्मरणशक्तीशी जवळचा संबंध आहे. वर्षानुवर्षं दारू पिऊन ब-1 जीवनसत्त्व संपलेल्या माणसांत याच ग्रंथिका झिजतात आणि ती माणसं पाच मिनिटांपूर्वीचं विसरतात. अर्थात, विकारामुळे ग्रंथिका लहान झाल्या की आधीच लहान होत्या, हे एका वेळच्या छायाचित्रावरून ठरत नाही. असल्या अभ्यासांच्या बातम्या वाचताना एवढं भान ठेवलेलं बरं.

ऑक्सिजन पूर्ण पुरेसा असला, तरी तुकड्यातुकड्यांची झोप स्वतःच एक नुकसान आहे. झोप रात्रभर सारखी नसते. सुरुवातीच्या तासांत गाढ झोप जास्त असते. पहाटेकडे बंद पापण्यांखाली बुबुळं हलणारी स्वप्नांची झोप वाढते, तिला रेम झोप म्हणतात. या रेम झोपेत शरीराचे बहुतेक स्नायू मेंदू मुद्दाम लुळे करून ठेवतो. साहजिकच घसाही तेव्हाच सगळ्यात सहज मिटतो. काहींचा श्वास तर फक्त याच झोपेत अडकतो.

न्यू यॉर्कमध्ये अ‍ॅन्ड्र्यू वर्गा आणि सहकाऱ्यांनी 2014 साली यावर एक फार हुशार प्रयोग केला. त्यांनी तीव्र स्लीप अ‍ॅप्नियाचे 18 रुग्ण घेतले. हे सगळे रात्री सीपॅप, म्हणजे नाकातून दाबाची हवा सोडून घसा उघडा ठेवणारं यंत्र, लावून नीट झोपणारे. संध्याकाळी त्यांना संगणकावरच्या एका चक्रव्यूहातून वाट काढायला सांगितली आणि सकाळी पुन्हा तीच वाट. एका रात्री यंत्र पूर्णवेळ चालू होतं. दुसऱ्या एका रात्री रेम झोप सुरू झाली की तेवढ्यापुरता यंत्राचा दाब कमी करायचा आणि श्वास अडकू द्यायचा. बाकीची झोप जशीच्या तशी. अखंड झोपेनंतर सकाळी लोकांनी तो चक्रव्यूह सुमारे 30 टक्के कमी वेळात पार केला, कारण झोपेत मेंदूने वाट पक्की करून ठेवली होती. रेम झोप मोडलेल्या रात्रीनंतर सुधारणा तर नाहीच, उलट सुमारे चार टक्के वेळ जास्त लागला. बिघडली होती रात्रीतली थोडीच झोप, पण आदल्या दिवशी शिकलेलं तेवढ्याने वाया गेलं.

मला या प्रयोगातली व्यवहाराची बाजू जास्त महत्त्वाची वाटते. यंत्र वापरणाऱ्यांपैकी कितीतरी जण पहाटे तीन-चारला जाग आली की मुखवटा काढून बाजूला ठेवतात. चार तास तर वापरलं, पुरे झालं, असा हिशोब असतो. रेम झोपेचा मोठा वाटा त्यानंतरच यायचा असतो.

मेंदूला इजा पोचण्याचा तिसरा मार्ग रक्तवाहिन्यांचा. एरवी झोपेत रक्तदाब उतरतो आणि हृदयाला विश्रांती मिळते. श्वास अडकणाऱ्याचा रक्तदाब प्रत्येक आचक्यासरशी उसळतो, रात्रभर. पुढे तो दिवसाही चढा राहू लागतो, औषधांना दाद देत नाही, हृदयाची लय बिघडण्याचं प्रमाण वाढतं. हे सगळे पक्षाघाताकडे जाणारे रस्ते आहेत. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी 1,022 लोकांचा पाठपुरावा करून 2005 साली दाखवलं, की वय, वजन, रक्तदाब, मधुमेह हे सगळं हिशोबात धरूनही या विकाराने पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका जवळजवळ दुप्पट होतो. पक्षाघात होऊन गेलेल्यांना तपासलं, तर निम्म्याहून जास्त जणांत स्लीप अ‍ॅप्निया सापडतो. तरीही पक्षाघाताच्या रुग्णाला घरी सोडताना त्याच्या घोरण्याची चौकशी क्वचितच होते.

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न. याने स्मृतिभ्रंश होतो का? क्रिस्टीन याफ आणि सहकाऱ्यांनी सरासरी 82 वर्षांच्या 298 अमेरिकन स्त्रियांच्या झोपेची तपासणी केली आणि सुमारे पाच वर्षांनी त्यांची स्मरणशक्ती पाहिली. 2011 साली आलेला निष्कर्ष असा: झोपेत श्वास अडकणाऱ्यांपैकी 44.8 टक्के स्त्रियांची बुद्धी मंदावली होती किंवा त्यांना स्मृतिभ्रंश झाला होता. इतरांत हे प्रमाण 31.1 टक्के होतं. यात जागं होण्याच्या संख्येपेक्षा ऑक्सिजनच्या कमतरतेचा संबंध जास्त दिसला. निरोगी माणसांची गाढ झोप एक रात्र जरी आवाज करून मोडली, तरी त्यांच्या मेरुद्रवात अल्झायमरशी जोडलेलं अमायलॉइड हे प्रथिन वाढतं, हेही प्रयोगात दिसलं आहे.

याच्याच जोडीला 'झोपेत मेंदू धुतला जातो' ही कल्पना फार लोकप्रिय झाली. 2013 साली मायकेन नेडरगार्ड यांच्या प्रयोगशाळेने उंदरांत दाखवलं, की झोपेत पेशींमधली जागा सुमारे 60 टक्क्यांनी वाढते आणि त्यातून कचरा वाहून जातो. पण 2024 मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाला उंदरांतच नेमकं उलट दिसलं, झोपेत ही सफाई मंदावत होती. वाद मिटलेला नाही. स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी 14 कारणं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये दिली, त्यांत झोपेच्या विकारांचा समावेश नाही. म्हणून 'घोरताय? मग अल्झायमर ठरलेला' अशा मथळ्यांवर माझा विश्वास नाही. धोका वाढतो असं म्हणायला पुरेसा आधार आहे. ठरलेला काहीच नाही.

उपचारांची सुरुवात फार भयंकर होती. 1970 च्या दशकात गळ्याला भोक पाडून श्वासाची वेगळी वाट करून देणं, एवढाच खात्रीचा उपाय होता. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी घर झाडायच्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी लावली, नाकातून दाबाची हवा आत सोडून घसा उघडा ठेवला आणि 1981 साली आपला शोध प्रसिद्ध केला. तोच आजचा सीपॅप. मिलानमधल्या एका छोट्या अभ्यासात 17 तीव्र रुग्णांनी तीन महिने हे यंत्र नेमाने वापरलं. त्यांचं लक्ष आणि स्मरण सुधारलं, मेंदूच्या काही भागांतल्या करड्या द्रव्याचं आकारमानही वाढलं. मोठ्या चाचण्यांनी मात्र उत्साहाला थोडा आवर घातला. हजारावर लोकांच्या अमेरिकी चाचणीत बुद्धीच्या कसोट्यांवर फारच थोडा आणि तोही मुख्यतः तीव्र रुग्णांत फरक दिसला. 2016 साली आलेल्या 2,717 जणांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत यंत्रामुळे हृदयविकार आणि पक्षाघात कमी झाले नाहीत. पण त्या लोकांनी यंत्र वापरलं ते रात्री सरासरी 3.3 तास. अर्ध्या रात्रीच्या औषधाला पूर्ण गुण कुठून येणार?

दिवसाची झोप, चिडचिड आणि गाडी चालवताना लागणारी डुलकी यांवर सीपॅपचा गुण वादातीत आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर रात्री ट्रक चालवणाऱ्या माणसाच्या बाबतीत एवढं कारणही पुरेसं आहे. वजन कमी करणं हा मुळावरचा उपाय. टिर्झेपटाइड या वजन घटवणाऱ्या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर 2024 मध्ये स्थूल रुग्णांतल्या मध्यम आणि तीव्र स्लीप अ‍ॅप्नियासाठी मान्यता मिळाली. उताणं न झोपता कुशीवर झोपणं, रात्रीचं मद्य बंद करणं यांनी सौम्य रुग्णांना बराच आराम पडतो. जयपूरच्या डॉक्टरांनी 30 रुग्णांवर केलेला शंख फुंकण्याचा प्रयोगही 2025 मध्ये प्रसिद्ध केला. सहा महिन्यांच्या सरावाने शंख फुंकणाऱ्यांची दिवसाची झोप आणि रात्रीचे अडथळे थोडे कमी झाले. घशाच्या स्नायूंना व्यायाम होतो, हे पटण्यासारखं आहे. पण अभ्यास लहान आहे, तेव्हा तीव्र रुग्णाने शंख आणून यंत्र परत करू नये.

लहान मुलांना विसरून चालणार नाही. तोंड उघडं टाकून घोरणारं, झोपेत घामाघूम होणारं, शाळेत एका जागी न बसणारं मूल अनेकदा 'खोडकर' म्हणून ओरडा खातं आणि कारण असतं वाढलेल्या टॉन्सिल्स व अ‍ॅडेनॉइड्समध्ये. अमेरिकेत 464 मुलांवर झालेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेने लक्ष देण्याच्या कसोटीत फरक पडला नाही, पण वागणूक, झोप आणि एकूण तब्येत स्पष्टपणे सुधारली.

विसराळूपणाची कारणं पुष्कळ आहेत आणि त्यांतली बरीच आपल्या हाताबाहेरची. हे एक कारण असं आहे, की एका रात्रीच्या तपासणीत सापडतं आणि त्यावर उपायही आहे. तेव्हा घरात कुणी मोठ्याने घोरत असेल, मध्येच गप्प होऊन आचका देत असेल, सकाळी डोकं जड घेऊन उठत असेल, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. मोबाइलवर त्या घोरण्याची पाच मिनिटांची चित्रफीत घ्या आणि ती कान-नाक-घसा, छातीरोग किंवा मेंदूविकार तज्ज्ञांना दाखवा. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका, त्यांतल्या काहींनी घसा आणखी सैलावतो. स्मरणशक्तीची तक्रार घेऊन गेलात आणि डॉक्टरांनी झोपेबद्दल विचारलं नाही, तर आपणहून सांगा.